पाण्याखालची पायरी

जी बाग अजून झालीच नव्हती, तिच्याबद्दल मामू कायम भूतकाळात बोलायचे. "काल बागेत गेलतो म्याडम," सकाळी सकाळी माझ्या टेबलापुढे उभे राहून ते सांगायचे. "लई गार वाटलं. एक बाई पाण्यात पाय सोडून बसलती. कुनाशी बोलत न्हवती, काई न्हाई. नुसती बसलती." मी खिडकीतून बाहेर बघायची. बाहेर ऊन असायचं, धूळ असायची, आणि गावाच्या टोकाला, मामू जिला बाग म्हणत होते तिथे, वेड्या बाभळींच्या गर्दीत अडकून फडफडणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या असायच्या. त्या बाभळींच्या आत एक जुनी, कुणी न वापरणारी दगडाची खदान होती.

माणूस थोडा सरकलेला असावा असं मला सुरुवातीला वाटलं. मी मूळची लिंबागणेशची. नांदूरघाटाच्या अलीकडच्या या गावात, नगरपंचायतीत अभियंता म्हणून माझी ही पहिलीच नेमणूक. रुजू झाल्या झाल्या अध्यक्षांनी माझ्याकडे बागेचं काम सोपवलं. गावाला बसायला जागा नाही, म्हाताऱ्यांना एसटी स्टँडच्या बाकड्याशिवाय कुठे टेकता येत नाही, तेव्हा खदानीच्या जागेवर बाग करायची, असं ठरलं होतं. अध्यक्षांचं म्हणणं असं की नुसती झाडं नकोत, कलाही पाहिजे. आणि आमच्या गावात कला म्हटलं की एकच नाव निघायचं. त्यांना मामू म्हणत. बायका-पोरं, भाजीवाले, फौजदार, सगळेच मामू म्हणत.

मामूंनी जन्मभर खोटा निसर्ग केला होता. गणपतीचे देखावे हा त्यांचा धंदा. भाद्रपद जवळ आला की मंडळाच्या मांडवात मामू गोणपाट प्लास्टरमध्ये बुडवून बांबूच्या सांगाड्यावर टाकायचे, आणि वाळलं की त्याचा डोंगर व्हायचा. कूलरच्या मोटरीवर धबधबा पडायचा. कापसाचे ढग, कागदाची केळ, लाकडाच्या भुशाची हिरवळ. आमच्याकडे हिरवळ फार काळ टिकत नाही. दिवाळी सरली की रानं पिवळी पडतात. त्यामुळे मामूंच्या डोंगरापुढे लोक गणपतीचं दर्शन झाल्यावरही बराच वेळ रेंगाळायचे. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मामू एकटेच येऊन सगळं उतरवायचे. मी एकदा विचारलं, "मामू, एवढं केलेलं मोडताना वाईट नाही वाटत?"

"कावून वाटावं?" ते म्हणाले. "डोंगर गेला तर गेला. जागा तर हाय."

बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती मुलगी शबाना परभणीला दिलेली. जावयाचा फळांचा गाडा होता. घरात मामू, आणि छतापर्यंत रचलेले बांबू, रद्दी आणि रंगाचे डबे. पाहुण्याला बसायला जागा करायची म्हणजे आधी देखाव्यातला एखादा हत्ती हलवावा लागायचा.

बागेच्या समितीत मामू आले आणि पहिल्याच बैठकीत आमचं वाजलं. त्यांनी सांगितलेल्या वस्तू ऐकून मी हातातलं पेन खाली ठेवलं. सिमेंटचं हरीण. सिमेंटचा जिराफ. कचरा गिळणारा सिमेंटचा ससा. आणि कमानीवर प्लास्टिकची फुलं, कारण ती बारा महिने टवटवीत राहतात. मी म्हटलं, "मामू, आपण खरी झाडं लावणार आहोत."

"खरी," मामू म्हणाले. जिभेवर ठेवून चव बघावी तसे ते तो शब्द बोलले. "मोठी कवा व्हत्यात?"

"सावली पडायला आठ-दहा वर्षं तरी लागतील."

आठवड्याभरात जंगल उभं करणारा तो माणूस. तो माझ्याकडे अविश्वासानं बघत राहिला. मग खिडकीकडे तोंड करून हळूच म्हणाला, "मंग बरंच झालं आधी जाऊन आलो ते."

तरी त्यांनी वाट बघायला शिकायचं ठरवलं. खदानीच्या काठावर मी नमुन्यादाखल करंजाची काही रोपं लावली, त्यातलं एक मामूंनी आपलं म्हणून घेतलं. रोज दुपार कलली की छत्री घेऊन ते त्याच्यापाशी जायचे. संध्याकाळी परत जाताना कचेरीच्या दारात डोकावायचे. मी चेष्टेनं विचारायची, "काय करत होतं आज झाड?"

"उभं व्हतं," मामू गंभीरपणे सांगायचे. "मी बी उभा व्हतो."

महिन्याभरानं एक दिवस ते घाईघाईनं आत आले. छत्री उघडीच होती. रोपाला नवं पान फुटलं होतं आणि ते तांबूस होतं. "पान हिरवं निगतं असं मला वाटायचं," ते म्हणाले. "जिंदगीभर म्या कोवळ्या पानाला हिरवा मारला." त्या दिवसानंतर जिराफाचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. हरणासाठी मात्र आणखी काही दिवस झुंज दिली.

खरा प्रश्न खदानीचा होता. मी दोन नकाशे केले होते. एकात खदान तशीच ठेवून एका बाजूनं पाण्यात उतरायला पायऱ्या. दुसऱ्यात खदान भरून घेऊन वर सपाट हिरवळ आणि मधोमध कारंजं. बैठकीत सगळ्यांचा कल भरून टाकण्याकडे होता, आणि त्यांचंही चुकत नव्हतं. काही वर्षांपूर्वी एक शेळी राखणारा पोहायला म्हणून उतरला होता आणि वर आला नव्हता. "मला बाग पाहिजे, मौत का कुआँ नको," अध्यक्ष म्हणाले. कारंज्याला पाणी कुठून आणायचं एवढं मी विचारलं, तर टँकरनं, असं उत्तर आलं.

मामू उठून उभे राहिले. "सायेब, तिथं आवाज परत येतो," ते म्हणाले.

"कसला आवाज?"

"आपलाच. आपुन हाक मारली की खदान हाक मारती. भरल्यावर नाही मारायची."

लोक हसले. मामूही थोडे हसले आणि खाली बसले. पुढच्या आठवड्यात पाडलेल्या घरांचा राडारोडा घेऊन ट्रॅक्टर यायला लागले. काठावर उभं राहून ट्रॉली उचलली की विटा, माती, मोडक्या फरशा गडगडत खाली जायच्या आणि तळातल्या हिरव्या पाण्यात धूळ उठायची. मामू करंजाजवळ छत्रीखाली उभे राहून ते बघायचे. कचेरीत येणं त्यांनी बंद केलं. मला वाटलं, रुसले.

त्या वर्षी मंडळानं त्यांना अंतराळयानाचा देखावा सांगितला होता. मामू हो म्हणाले. मांडवाला पडदे लागले आणि आत कुणालाही सोडेनात. गणेश चतुर्थीच्या संध्याकाळी आरती झाली, पडदा बाजूला झाला, आणि आत अंतराळयान नव्हतं.

आत खदान होती. गोणपाटाच्या काळ्या कड्यांतून वाट काढली होती. त्या वाटेनं माणसं एकामागं एक आत जात होती. कडे इतके जवळून जात होते की बायका पदर सावरून चालत होत्या. कड्यांच्या फटींतून सीताफळाच्या खऱ्या फांद्या बाहेर आल्या होत्या. कुठूनतरी गार वारा येत होता. तो कूलरचा होता हे माहीत असूनही अंगावर शहारा आला. वळण संपलं की खाली पाणी दिसायचं, काळं, स्थिर. पाण्याला पायऱ्या. आणि पायऱ्यांवर मातीची, बोटभर उंचीची माणसं बसलेली. कुणी टेकून, कुणी गुडघ्याला मिठी मारून, कुणी आडवं होऊन. मामूंनी त्यांना रंगाचा एकच हात दिला होता, पण ओळख पटायला वेळ लागत नव्हता. स्टँडवरचा चहावाला होता. वाकडी मान करून बसलेले पोस्टमास्तर होते. "अगं बया, ती मी हाय!" असं ओरडून भाजीवाली लक्ष्मीबाई खाली वाकली, आणि मागची रांग थांबली. पाण्यात पाय सोडून बसलेली, कुणाशीच न बोलणारी ती बाई तीच होती.

मग गावाला वेडच लागलं. जो तो स्वतःला शोधायला यायचा. केजहून, नांदूरघाटाहून माणसं रिक्षा करून यायला लागली. ज्यांना आपण सापडलो नाही ते मामूंकडे तक्रार घेऊन जायचे, आणि मामू दुसऱ्या दिवशी त्यांना कुठल्यातरी पायरीवर जागा करून द्यायचे. मी स्वतः त्या वाटेनं कितीदा गेले सांगता येणार नाही. बाहेर ढोल, गर्दी, भोंगे. आणि आत दोन वळणं पुढे गेलं की असं वाटायचं की आपण कुठल्यातरी लांबच्या दुपारी पोचलोय आणि आपल्याला परत जायची घाई नाही.

अध्यक्ष सहकुटुंब आले तेव्हा मी तिथेच होते. पायऱ्यांच्या एका कोपऱ्यात एक जाडसर माणूस बसला होता. पांढरे कपडे, बाजूला काढून ठेवलेले बूट, घोट्यापर्यंत पाय पाण्यात. हातात फोन नव्हता. अध्यक्षांच्या बायकोनं त्याला आधी ओळखलं आणि तोंडाला पदर लावला. अध्यक्ष वाकून बघत राहिले.

"काय बे मामू," ते शेवटी म्हणाले, "मला रिकामा बसवला?"

"गेलतो तवा बसलेच व्हते तुमी," मामू म्हणाले. "म्या हटकलं न्हाई."

अध्यक्ष हसले नाहीत. जाताना त्यांनी मला बाजूला घेतलं. "ताई, माणूस बुडणार नाही असं करता येईल का ते सांगा. येत असेल तर ट्रॅक्टर थांबवतो."

करता येत होतं. जो राडारोडा आत पडला होता त्याचाच एका बाजूला उतार केला, त्यावर मुरूम दाबला, तळ उथळ करून घेतला. त्या उतारावर रुंद, बुटक्या पायऱ्या. बाकीच्या तीन बाजूंना कठडा. काळा कडा आम्ही तसाच ठेवला. त्यावरच्या छिन्नीच्या खुणांना हात लावायचा नाही अशी मामूंनी ताकीदच दिली होती. "म्या गोणपाटाचे लई कडे केले," ते म्हणायचे. "पर ह्यो ज्यानं केला त्यो मोठा कारागीर."

पायऱ्यांवर मामूंनी चित्रं काढायची असं ठरलं, पण मी त्यांना आधीच सांगून टाकलं की निम्म्या पायऱ्या वर्षातला बराच काळ पाण्याखाली राहतील. पावसाळ्यात खदान भरेल, मग हळूहळू पाणी उतरेल, उन्हाळ्यात खालच्या पायऱ्या उघड्या पडतील. तेव्हा चित्रं वरच्याच पायऱ्यांवर करा. मामूंनी दोन्ही हातांनी पडदा ओढतात तशी हवेत खूण केली.

"म्हंजी पानी पडदा सोडनार, पानीच उचलनार?"

"तसंच म्हणा."

"असा पडदा मला कुनीच दिला नव्हता म्याडम," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

रंग पाण्यात टिकला नसता. मामूंनी काचा घ्यायचं ठरवलं, बांगड्यांच्या. गावभर निरोप गेला, आणि बायका फुटक्या बांगड्या घेऊन यायला लागल्या. लग्नघरातल्या, नागपंचमीच्या, शाळेतल्या पोरींच्या. मामू त्या कुटून सिमेंटात बसवायचे आणि वरून घासून गुळगुळीत करायचे, पायाला टोचू नयेत म्हणून. सगळ्यात वरच्या पायरीवर खार आली, मग राघू, मग खंड्या. पाणी जसं उतरेल तसे बगळे दिसतील, मग बेडूक, मग मासे.

एक दिवस एक म्हातारी बाई रुमालाची पुरचुंडी घेऊन आली. मामूंनी गाठ सोडली तर आत अख्ख्या हिरव्या बांगड्या. "आज्जी, ह्या फुटल्या न्हाईत," मामू म्हणाले.

"फोडू दिल्या न्हाई म्या," ती म्हणाली. "मालक गेले तवा हातानं काढून ठिवल्या. कवर संबाळू?"

मामूंनी त्या कुटल्या नाहीत. करवतीनं एकेक हलकेच कापल्या आणि राघूच्या पंखात त्यांच्या गोलाईसकट बसवल्या. आजही ऊन पडलं की बाकीच्या काचा चमकतात आणि तो पंख मात्र आतून उजळतो.

मे महिन्यात तळाचं पाणी मोटरीनं उपसून खदान कोरडी केली तेव्हा मामू सगळ्यात खालच्या पायरीला लागले. तिथे त्यांनी बांबू रोवून गोणपाटाचा आडोसा केला आणि कुणाला आत येऊ दिलं नाही. मलाही नाही. त्यांना तेव्हा खोकला लागला होता. जन्मभर छातीत गेलेलं प्लास्टर आता बोलत होतं. वर बसून मी नुसता तो खोकला ऐकायची, आणि त्यामागून काळ्या कड्यानं परत दिलेला खोकला. काम संपलं तसं त्यांनी आडोसा काढला, पण पायरीवर ओली पोती अंथरून ठेवली.

"खाली काय केलंय, मामू? मासाच ना?"

"न्हाई."

"मग?"

ते धापा टाकत माझ्याशेजारी बसले. "बगा म्याडम, वरल्या पायऱ्या सगळ्यांच्या. पर एवड्या खाली मानूस कवा उतरनार? पाऊस न्हाई झाला तर. तवा त्यो लई हिंमत हारलेला असनार. त्याला खाली कुनीतरी भेटाया पायजे."

त्यानंतर चांगला पाऊस झाला. खदान भरली. पाण्यानं पोती कधी उचलली आणि कुठे नेली ते कुणाला दिसलं नाही.

मामूंना पायऱ्या चढवेनात तेव्हा शबाना त्यांना न्यायला आली. स्टँडवर मी गेले होते. सामान म्हणून एक पिशवी आणि छत्री. बाकीचा संसार, ते हत्ती, डोंगर, त्यांनी मंडळाला देऊन टाकला होता. उद्घाटनापर्यंत थांबा म्हणून मी विनवलं. मामू म्हणाले, "भाषनं व्हनार तिथं. माझ्या कानात खदानीचा आवाज हाय, त्योच राहू द्या." गाडी लागली. खिडकीतून त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि पहिल्यांदाच मला म्याडम म्हणाले नाहीत. "बेटा, करंजाला पानी," एवढंच म्हणाले. त्या थंडीत ते परभणीला वारले. फोन शबानाचा होता. मला तिचं एक वाक्यही नीट आठवत नाही.

इतक्या वर्षांत बाग आता गावाची झाली आहे. दुपारी अभ्यासाला आलेल्या मुली करंजाखाली बसतात. पोस्टमास्तर निवृत्त झाले, ते रोज येतात. पाणी किती उतरलं हे आमच्याकडे आता मीटरमध्ये कुणी सांगत नाही. "बगळे लागले," "बेडूक उघडला," असं सांगतात. बेडूक दिसला की गावात पाणी जपून वापरायला सुरुवात होते. अगदी खालची पायरी मात्र त्यानंतर कधी उघडी पडली नव्हती, आणि तिथे काय आहे यावर चहाच्या टपरीवर वाद व्हायचे. कुणी म्हणायचं मामूंची बायको आहे, कुणी म्हणायचं गणपती आहे, कुणी म्हणायचं काहीच नाही, मामूंनी गंमत केली.

या उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं. मासे सगळे बाहेर आले. खालच्या पायरीवर कोपरभर हिरवं, शेवाळलेलं पाणी तेवढं उरलं. बघणाऱ्यांची गर्दी व्हायला लागली, आणि बोअर आटलेल्या घरांतली माणसं ती गर्दी लांबून बघायची. मी शबानाला फोन केला. ती दुसऱ्याच दिवशी आली.

उन्हं उतरत होती. पायऱ्यांवर मासे तांबडे-निळे चमकत होते. शबाना प्रत्येक पायरीवर थांबत, पाय चित्रावर पडू न देता कडेकडेनं खाली उतरली. राखणदार आमच्या मागोमाग आला. "ताई, मोटर लावतो की," तो म्हणाला. "घटकाभराचं काम. पानी झाडांना जाईल आन् तुमाला दिसंल बी."

मी शबानाकडे बघितलं. निर्णय तिचा होता. ती शेवटच्या कोरड्या पायरीवर गुडघे टेकून बसली. ओढणी मागे टाकली, बाही वर सरकवली, आणि हात पाण्यात घातला. कोपर बुडालं. गाल जवळजवळ पाण्याला टेकला. डोळे मिटून ती बोटं फिरवत राहिली, कडेकडेनं, मग मध्ये, मग पुन्हा कडेनं, जसं आंधळं माणूस चेहरा वाचतं. एका ठिकाणी तिचा हात थांबला. तिच्या ओठांवर काहीतरी आलं, ते हसू होतं की दुसरं काही ते मला कळलं नाही.

"काय हाय ताई?" राखणदारानं न राहवून विचारलं.

"मोटर नका लावू भाऊ," शबाना म्हणाली. "पानी हाय तवर राहू द्या. संपलं की ज्याला भेटायचं त्याला भेटंल."

ती उठली. मी रुमाल पुढे केला, पण तिनं तो घेतला नाही. ओल्या हाताची रिकामी मूठ मिटून, ती छातीशी धरून, ती पायऱ्या चढायला लागली.